मेकॅनिकलवाल्याला ईव्हीत काय काम?

ऐरोलीकर: लेक मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ईव्हीत जायचं म्हणते. ते इलेक्ट्रिकलवाल्यांचं ना?

रबाळेवाला: काका, मी मेकॅनिकलचाच, इथे एमआयडीसीत बॅटरी पॅकवर काम करतो. सेलचं रसायन केमिकलवाले बघतात, बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, इलेक्ट्रॉनिक्सवाले. पण लिथियम सेलला साधारण १५ ते ३५ अंश मानवतात. मे महिन्यात ठाणे-बेलापूर रोडला अडकलेल्या गाडीत ते राखायचं कोणी? कूलिंग प्लेट, वेल्डिंग, हादरे, पावसात पाणी शिरू न देणं, सगळं आमच्या गळ्यात. आणि भांडणं रोजची! इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सेन्सर हवा तिथेच नेमका माझा बोल्ट.

ऐरोलीकर: मग जोडीला काय शिकावं?

रबाळेवाला: हीट ट्रान्सफर पक्कं करा, बाकी नंतर.

कळवेकर: कॅन बससुद्धा, म्हणजे गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रं एकमेकांना संदेश देतात ती व्यवस्था. नाहीतर बीएमएसवाले काय बोलतात तेच कळत नाही.