विषय: घरात साप आहे (पाळलेला!) आणि मी नसताना घरमालकाचा माणूस आत येऊन गेला, काय करू?

प्रेषक: बोखुमकर

नमस्कार मंडळी,

आपल्या या जर्मनीतल्या मराठी लिस्टवर आत्तापर्यंत मी फक्त जाडे पोहे कुठे मिळतात एवढंच विचारलंय, आज जरा वेगळं आहे त्यामुळे आधीच सांगते, हसू नका. माझ्याकडे एक कॉर्न स्नेक आहे. म्हणजे साप. बिनविषारी, मूळचा अमेरिकेतला, सव्वा मीटर लांब, केशरी, टेरॅरियमला (त्याच्या काचेच्या पेटीला) कुलूप आहे आणि दीड वर्षात एकदाही बाहेर पडलेला नाही. शेजारच्या जर्मन आजींना माहितीये, त्या त्याला 'हेअर श्लांगे' म्हणतात, म्हणजे सापसाहेब.

फेब्रुवारीत भावाच्या लग्नाला तीन आठवडे पुण्याला गेले होते, आजींकडे किल्ली देऊन गेले होते पाणी बदलायला. परत आले तर हाउसफरवाल्टुंगचं (घरमालकातर्फे बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीचं) पत्र, की हीटिंगचं मीटर वाचायला आमचा माणूस तुमच्या घरी आला होता, तेव्हा घरात साप असल्याचं दिसलं, करारानुसार कुठलंही जनावर पाळायला मनाई आहे, १४ दिवसांत काढा नाहीतर करार रद्द करू. सोबत फोटो. टेरॅरियमचा फोटो, आणि मागे माझे गडबडीत वाळत घालून गेलेले कपडे, सगळे, व्यवस्थित फोकसमध्ये. आजींना विचारलं तर त्यांनी कुणालाही दार उघडून दिलं नव्हतं. म्हणजे हाउसफरवाल्टुंगकडे स्वतःची किल्ली आहे.

पत्राच्या शेवटी असंही आहे की करारात लिहिल्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी घराची पाहणी करू. करार बघितला, तसं खरंच लिहिलंय, मी सही करताना वाचलं नव्हतं, तेव्हा घर मिळतंय यातच सगळं आलं होतं.

साप कुणाला तरी देऊन टाकू का? आणि प्लीज आईला ओळखणाऱ्यांनी घरी काही बोलू नका, तिला अजून माहीत नाही.

बोखुमकर

---

प्रेषक: एसेनकर काका

अगं बाई, मी बत्तीस शिराळ्याच्या बाजूचा माणूस. लहानपणी नागपंचमीला गाडग्यांतून नाग निघायचे, मिरवणूक, ढोल, सगळं पाहिलंय, पुढे कोर्टाने जिवंत नाग पकडण्यावर बंदी आणली. पण तेव्हासुद्धा पंचमी झाली की नाग परत रानात सोडायचे, कुणी बेडरूममध्ये ठेवत नव्हतं.

तू इकडे नवीन आहेस, तुला हेर्नचं प्रकरण आठवत नसेल. हेर्न म्हणजे तुझ्या बोखुमच्या उंबऱ्यावर. ऑगस्ट २०१९, भाड्याच्या बिल्डिंगीत एकाचा नाग सुटला, खराखुरा कोब्रा, तीसेक लोकांना घरं सोडावी लागली, पाचेक दिवस इकडचा आख्खा रूर पट्टा खाली बघत चालत होता. आमच्या हिने तर त्या आठवड्यात कचरा टाकायलासुद्धा मलाच पाठवलं, एरवीही मलाच पाठवते ते सोड. त्यानंतर आपल्या राज्यात, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये, कायदाच झाला. तेव्हा लोकांच्या मनात साप म्हटलं की काय येतं ते समजून घे. तुझा बिनविषारी असेल, पण जिन्यात भेटणाऱ्या माणसाला ते कसं कळणार? देऊन टाक आणि मोकळी हो, एका सापासाठी घर घालवू नकोस.

काका

---

प्रेषक: डॉर्टमुंडकर

काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि घाईचाही. बोखुमकर, लगेच काही देऊ नकोस. मी वकील नाही, पण घरमालकाशी दोन वर्षं भांडलोय (बुरशीवरून, ती कथा परत कधीतरी) आणि तेव्हा वाचून वाचून डोकं पांढरं झालंय.

या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतवल्यात, आणि त्या मुद्दाम गुंतवल्यात असं माझं मत. एक, साप ठेवता येतो की नाही. दोन, तो माणूस आत आलाच कसा. तू पहिल्या गोष्टीने इतकी घाबरलीयस की दुसरीबद्दल त्यांना जाब विचारायचंच विसरलीस.

दुसरी आधी घेतो. घर भाड्याने दिलं की सगळ्या किल्ल्या भाडेकरूच्या. घरमालकाने गुपचूप एक ठेवायची नसते, ठेवायची असेल तर तुझ्या संमतीने. मीटर वाचणं हे आत यायचं खरं कारण आहे, ते तू अडवू शकत नाहीस, पण आधी कळवून, वेळ ठरवून आणि तू किंवा तुझं माणूस घरात असताना. पाइप फुटून खालच्याच्या छतातून पाणी गळतंय असं काही असेल तर गोष्ट वेगळी. हीटिंगचं मीटर काही फुटलं नव्हतं. न विचारता आत शिरणं हा इथे गुन्हासुद्धा होतो, घर मालकाच्या नावावर असलं तरी, कारण राहणारं माणूस तू आहेस.

आणि ते दर सहा महिन्यांनी पाहणीचं कलम, त्यावर तर सर्वोच्च न्यायालयाचा, म्हणजे बीजीएचचा, ४ जून २०१४ चा निकाल आहे आणि त्यातली गोष्ट मला फार आवडते. एक घरमालकीणबाई स्मोक डिटेक्टर बघायला म्हणून ठरवून आल्या. डिटेक्टर बघून झाले, तरी बाई बाकीच्या खोल्यांत फिरायला लागल्या, खिडकी उघडली, भाडेकरू म्हणतोय बाहेर व्हा, बाई ऐकेनात. शेवटी त्याने त्यांना कवेत धरून उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं. बाईंनी करार रद्द केला, प्रकरण वरपर्यंत गेलं, आणि कोर्ट म्हणालं की एवढ्यावरून घर काढून घेता येणार नाही, सुरुवात बाईंनी केली. त्यात हेही सांगितलं की ठोस कारण नसताना नुसतं अधूनमधून घर बघायचा हक्क घरमालकाला नाही, करारात तसं छापलं असेल तर ते कलम चालत नाही. (कुणाला उचलू नकोस. गोष्ट सांगतोय.)

आता साप. 'कुठलंही जनावर नाही' हे छापील कलम इथे टिकत नाही, कारण त्यात मासे, हॅमस्टर, पिंजऱ्यातली चिमणीएवढी पाखरंही येतात, आणि त्यांना परवानगीच लागत नाही, जर्मनमध्ये यांना क्लाइनटिअर, म्हणजे छोटे प्राणी, म्हणतात. कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदीही चालत नाही, तो निकाल २० मार्च २०१३ चा, आणि ते प्रकरण आपल्या शेजारच्या गेल्सेनकिर्शनचंच, वीत-सव्वावीत उंचीचं छोटं कुत्रं होतं. पण त्याचा अर्थ 'काहीही पाळा' असाही नाही हां, मोठ्या जनावरांचं प्रत्येक प्रकरण वेगळं बघतात, शेजाऱ्यांना त्रास किती, घराचं नुकसान किती, असं दोन्ही बाजूंनी तोलून. बिनविषारी छोटा साप बंद टेरॅरियममध्ये असेल तर बहुतेक वेळा तो क्लाइनटिअरमध्येच धरतात. उंदीर किंवा फेरेट असतं तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो, वास आणि किळस यावरून कोर्टांची मतं वेगवेगळी पडलीयत.

काका म्हणतात तो कायदा बरोबर आहे, १ जानेवारी २०२१ पासून आहे, पण तो जहाल विषारी साप, कोळी, विंचू यांच्यासाठी आहे. कॉर्न स्नेकचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तर आता कर काय ते. फोनवर एक शब्द बोलू नकोस, सगळं लेखी आणि रजिस्टर पोस्टाने. जात कुठली, बिनविषारी आहे, टेरॅरियमचं माप, कुलूप, हे दोन ओळींत. माणूस कुठल्या दिवशी, कुठल्या किल्लीने आला ते विचार, किल्ली परत माग, फोटो डिलीट करा म्हण, तुझे कपडे त्यांच्या फाइलमध्ये असायचं काही कारण नाही. आणि आज संध्याकाळीच कुलपाचा सिलिंडर बदल, बाउमार्क्टमध्ये (हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात) मिळतो, दहा मिनिटांचं काम आहे, फक्त जुना जपून ठेव, घर सोडताना परत लावायला लागतो. मीटरफरआइनची, म्हणजे भाडेकरूंच्या संघटनेची, मेंबर हो, वर्षाला साधारण शंभर युरो, पत्र तेच लिहून देतात. एक मात्र, त्यांच्यामार्फत कोर्टखर्चाचा विमा असतो तो बहुधा पहिले तीन महिने लागू नसतो आणि आधी सुरू झालेल्या भांडणाला तर नाहीच, त्यामुळे बाकीच्यांनी भांडण व्हायच्या आधी मेंबर व्हा. मी हे उशिरा शिकलो.

डॉर्टमुंडकर

---

प्रेषक: वुपरटालकर ताई

डॉर्टमुंडकरांचं सगळं पटलं पण एक नाही. कायद्याने परवानगी लागत नसली तरी मी असते तर आधीच सांगितलं असतं. आमच्याकडे ग्रीक कासव आहे, मुलीचं, घर घेताना मालकाला सांगितलं, तो म्हणाला कासव ना, मग काय, आवाज तर करत नाही. झालं. नंतर बाल्कनीत त्याच्यासाठी दिवा लावला तेव्हा काही बोलायची वेळच आली नाही.

आणि नुसता घरमालकच नसतो. ग्रीक कासवाला कागद लागतो, पिवळ्या रंगाचं सर्टिफिकेट, आणि सरकारी ऑफिसात नोंद. ज्यांनी कुणाकडून असंच घेतलंय त्यांनी कृपया बघून घ्या. ती लाल कानाची पाण्यातली कासवं असतात ना, आपल्याकडे टबात ठेवतात ती, २०१६ पासून युरोपात त्यांची विक्रीच बंद आहे, ज्यांच्याकडे आधीपासून आहेत त्यांनी ती मरेपर्यंत सांभाळायची फक्त. आता हसू येतं पण नाशिकला आमच्याकडे पिंजऱ्यात मिठू होता, हिरवा, मिरच्या खायचा, आणि तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बेकायदा होता हे मला इथे आल्यावर कळलं! आईला सांगितलं तर म्हणाली, मग पोलिसांनी येऊन त्याच्या शिव्या ऐकायच्या होत्या.

बोखुमकर, तुझा हाफ्टप्फ्लिष्ट विमा (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) काढून बघ. मांजर, ससा वगैरे त्यात येतात, साप बऱ्याचदा येत नाही. उद्या काही झालं तर.

ताई

---

प्रेषक: ड्युसेलडॉर्फकर

मी गप्प वाचत होतो पण मी पलीकडच्या बाजूचा आहे, मोअर्सला एक छोटा फ्लॅट घेतलाय आणि भाड्याने दिलाय, त्यामुळे थोडं माझंही ऐका. घरमालक म्हणजे राक्षस नसतो. भीती सापाची नसते, भीती असते की घर परत मिळेल तेव्हा कसं मिळेल. माझ्या आधीच्या भाडेकरूने दमट टेरॅरियम ठेवलं होतं, बेडूक होते, रोज फवारा मारायचा, भिंतीमागे सगळी बुरशी, खर्चाचा अर्धा भाग डिपॉझिटमधून गेला आणि अर्धा माझ्या खिशातून. मला आधी सांगितलं असतं तर मी एवढंच म्हणालो असतो की भिंतीपासून हातभर लांब ठेव. मी त्याला विचारायला गेलो तर म्हणाला, तुम्हाला विचारायचा हक्क नाही. असेलही नसेल, पण मग बोलायचं कुठे?

आणि किल्लीचं... डॉर्टमुंडकर, हे वाचून मी जरा अस्वस्थ झालोय. माझ्याकडे एक जास्तीची किल्ली आहे. कधी वापरली नाही, शप्पथ. आधीच्या मालकाने दिली, ड्रॉवरमध्ये पडलीये. भाडेकरू मुलीला माहीत नाही.

---

प्रेषक: बोखुमकर

सगळ्यांना थँक्यू. थोडी माहिती राहिली होती. टेरॅरियम कोरडंच असतं, १२० बाय ६०, भिंतीला चिकटून नाही. खाणं म्हणजे फ्रोजन उंदीर, दर दहा-बारा दिवसांनी एक, वेगळ्या डब्यात, कुणी माझ्याकडे जेवायला आलेलं असेल तर काळजी करू नका, आमरस वरच्या कप्प्यात होता. विमा बघितला, ताई बरोबर होत्या, माझ्या पॉलिसीत येत नाही, वेगळा घ्यावा लागणार.

काका, तुमचं मला लागलं थोडं, पण जिन्यातल्या माणसाचं म्हणालात ते खरंय. वरच्या मजल्यावर एक बाळ आहे. त्यांच्याकडे आज गेले होते, घाबरत घाबरत, फोटो घेऊन. त्या बाईला आधीपासूनच माहीत होतं, आजींनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलंय!

सिलिंडर बदलला. दहा मिनिटं नाही, दीड तास लागला.

---

प्रेषक: बोखुमकर

(तीन आठवड्यांनी) अपडेट द्यायचं राहिलं. मीटरफरआइनच्या बाईंनी पत्र लिहून दिलं, एक पान, सगळे मुद्दे डॉर्टमुंडकर दादांनी सांगितले तेच. पत्र गेल्यावर दहा दिवस शांतता आणि मग उत्तर आलं, चार ओळींचं. सापाबद्दल 'सध्या पुढची कारवाई करत नाही'. पाहणीबद्दल एक शब्द नाही. किल्लीबद्दल असं, की हाउसमाइस्टरच्या (बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या माणसाच्या) पेटीत 'चुकून राहून गेलेली' एक किल्ली सापडली, सोबत पाठवत आहोत. पाकिटात होती खरंच. जुन्या कुलपाची, आता काही उपयोगाची नाही. फोटो डिलीट केला असं लिहिलंय, केला की नाही देव जाणे.

ताईंचं ऐकून मीही उत्तरात लिहिलं की पुढच्या वेळी मीटरसाठी आठवडाभर आधी सांगा, मी सुट्टी घेऊन घरी थांबेन. त्याला लगेच हो आलं.

'सध्या' या शब्दाची मला अजून भीती वाटतेच.

---

प्रेषक: एसेनकर काका

बरं झालं बाई. नातवाला बघायचाय, शनिवारी घेऊन येऊ का? मी खाली गाडीत बसतो.

---

प्रेषक: ड्युसेलडॉर्फकर

माझ्या किल्लीचं काय करू? पोस्टाने पाठवू की हातात नेऊन देऊ? ती विचारेल इतके दिवस का ठेवली.

---

प्रेषक: डॉर्टमुंडकर

विचारू दे. हातात दे आणि सही घे.