मदत हवी आहे: कच्चं ओपल पाण्यात टाकताच रंग गेला, आता घासायला सुरुवात कुठून करू?

गारगोटी

ओपल घासून कॅबोशॉन (पैलू नसलेला, गोल माथ्याचा दगड) करायचा छंद लावून घ्यायचा आहे. जयपूरहून इथिओपियाचं वेलो कच्चं ओपल मागवलं, ८ ते २० मिमीचे तुकडे आहेत. माती निघावी म्हणून एक तुकडा पाण्यात ठेवला, तर तासाभरात तो आरपार दिसायला लागला आणि आतले हिरवे-लाल रंग जवळजवळ दिसेनासे झाले. दगड वाया गेला का? फसवणूक तर नाही ना?

घरी सोनारकामाची टांगती मोटर, डायमंड बर (हिऱ्याची पूड लावलेली घासायची टोकं) आणि हार्डवेअरच्या दुकानातले वॉटर पेपर आहेत. चाकांचं मोठं मशीन लगेच घेणं परवडणार नाही. एवढ्यावर जमेल का?

पैलूकार

दगड वाया गेलेला नाही आणि फसवणूकही नाही. वेलोचं बरंचसं ओपल पाणी पितं, त्याला हायड्रोफेन म्हणतात. आतल्या सूक्ष्म छिद्रांमध्ये हवा असते, तिच्या जागी पाणी शिरलं की प्रकाश विखुरणं कमी होतं आणि दगड पारदर्शक होतो. पाणी निघून गेलं की रंग परत येतो.

आता एवढंच करा: तुकडा पुसून टिश्यूत गुंडाळा आणि झाकणाच्या डबीत सावलीत ठेवा. ऊन, हेअर ड्रायर, ओव्हन काहीही नको. वाळताना मध्येच तो दुधी, मळकट दिसेल, तेव्हा घाबरू नका. काही दिवस लागतील, मोठ्या तुकड्याला आठवडेही लागतात. ०.०१ ग्रॅमचा काटा असेल तर रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की दगड वाळला.

बाकीचे तुकडे ओळखायचे तर कोरड्या पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मुरला तर हायड्रोफेन. असा दगड तेल, साबण, हळद, शाई सगळं शोषतो. म्हणून त्यावर खुणा मार्करने करू नका, पेन्सिलने करा. सुपरग्लूही टाळा, तो आत झिरपून डाग पडतो.

माझं स्पष्ट मत: पहिला हात वेलोवर बसवू नका. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीचं पॉच, म्हणजे रंग न खेळणारं ओपल, स्वस्त मिळतं. ते पाणी पीत नाही आणि घासताना हाताला तसंच लागतं. आठ-दहा तुकडे त्यावर करा.

गारगोटी

जीव भांड्यात पडला! पॉच मागवतो. पण प्रत्यक्ष घासायला घेताना पहिलं काम कोणतं? थेट २२० च्या पेपरवर धरायचं का?

पैलूकार

पहिलं काम बघण्याचं, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. ओपलचा रंग बहुधा पट्टीत असतो, त्याला कलर बार म्हणतात. ती पट्टी कॅबोशॉनच्या माथ्याला समांतर यायला हवी. दगड उन्हात धरा, मग एका दिव्याखाली धरा, सगळ्या बाजूंनी फिरवा. काही दगड बाजूने भडक दिसतात आणि वरून फिके. अशा वेळी मोठा आकार सोडून रंग वर येईल तसाच कापायचा. वेलोच्या बाबतीत हे सगळं कोरडं असतानाच ठरवून खुणा करा, कारण भिजल्यावर काही दिसणार नाही. आधी फोटो काढून ठेवले तर काम करताना समोर ठेवता येतात.

मग तडे शोधा. १० पटींची लूप (भिंग), अंधारी खोली, आणि टॉर्चचा उजेड बाजूने. एखादा सरळ तडा असेल तर त्याच रेषेवर दगड दोन तुकडे करून टाका, तो वाचवत बसू नका. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ते क्रेझिंग. त्यावर इलाज नाही. तो तुकडा सरावाला.

ऑस्ट्रेलियन कच्चा माल पुष्कळदा पाण्याच्या बरणीत विकतात. तो बाहेर काढून काही आठवडे कोरडा ठेवा. तडकायचा असेल तो तेव्हाच तडकेल, तुमची मेहनत त्यावर खर्च होणार नाही. वेलोची परीक्षा उलटी: भिजवून, पूर्ण वाळवून बघायचं.

घासण्याचा क्रम (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक): आकारासाठी २२० किंवा ३२०, मग ६००, १०००, २०००, ३०००. मशीनवर ८० नंबरचं चाक ओपलला लावूच नका. ओपलची कठीणता मोहच्या मापावर ५.५ ते ६.५, म्हणजे अकीकापेक्षा मऊ आणि जास्त ठिसूळ. भरड चाकाने कडा उडतात आणि ओरखडे खोल जातात. वॉटर पेपर काचेवर ठेवला तर पाठ सपाट होते. माथ्यासाठी तोच पेपर ५-६ मिमी जाडीच्या रबरी किंवा फोमच्या पट्टीवर चिकटवा, म्हणजे गोलाई येते, सपाट चट्टे पडत नाहीत. मनगट सतत फिरतं ठेवा.

सहाण

टांगत्या मोटरबद्दल: बर कमी वेगात चालवा, दगड पाण्यात बुडवून-बुडवून धरा. मोटर वर टांगलेली असते, तरी हात ओले असतात. आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) नसलेल्या प्लगवर हे काम करू नका.

दगड काडीवर चिकटवायला जयपूरचे कारागीर लाख वापरतात. लाख चालेल, पण ज्योत दगडाला लावायची नाही. दगड दिव्याखाली हळूहळू, बोटाला सोसेल इतकाच गरम करा, आणि लाख काडीवर वितळवा. ओपलमध्ये साधारण ३ ते १० टक्के पाणी असतं. एकदम तापवलं किंवा गरम दगड थंड पाण्यात बुडवला की तडा जातो. ओलं हायड्रोफेन तर अजिबात तापवू नका. मोठा तुकडा असेल तर सरळ बोटांत धरून घासा, काडी हवीच असं नाही.

गारगोटी

सरावाला घेतलेल्या एका साध्या ओपलवर ३००० पर्यंत गेलो, तरी तिरपे ओरखडे दिसतायत. पॉलिशने जातील का?

सहाण

जाणार नाहीत. ते २२० चे आहेत. पॉलिश फक्त शेवटच्या पेपरच्या खुणा काढतं. ओल्या दगडावर ओरखडे लपतात, म्हणून प्रत्येक टप्प्यावर दगड पुसून, कोरडा करून लूपखाली बघा. दर पेपरला घासण्याची दिशा बदला. आधीच्या दिशेची एकही रेषा उरली नाही, की मगच पुढचा पेपर. आणि पेपर बदलताना हात, दगड, पाण्याचं भांडं सगळं धुवा. भरड वाळूचा एक कण ३००० वर आला तरी पुन्हा मागे जावं लागतं. तुम्हाला आता ६०० वर परत जायला लागेल. ओरखडे तिथेही हलले नाहीत तर ३२० वर.

पॉलिशला सिरियम ऑक्साइड. काच पॉलिश करणारे आणि दुर्बिणीचे आरसे घासणारे हौशी तेच वापरतात. पाण्यात कालवून चामड्यावर किंवा फेल्टवर लावा. चामडं ओलसर हवं. कोरडं पडलं की दगड ओढला जातो, तापतो आणि तडकतो. हायड्रोफेनवर तांबूस सिरियम बारीक खड्ड्यांत अडकतं, तिथे पांढरं वापरा किंवा पाण्यात मिसळणारी डायमंड पेस्ट. तेलातली पेस्ट नको.

गारगोटी

ओपल अस्फटिकी सिलिका आहे म्हणून धुळीचा धोका नाही असं वाचलं. मास्क लागतो का?

पैलूकार

लागतो. कच्च्या मालाला वाळूचा दगड, माती चिकटलेली असते, त्यात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका, असतं. शिवाय वेलो ओपलच्या रचनेत क्रिस्टोबलाइट या स्फटिकी सिलिकेचा अंश असतो. सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) बरा होत नाही. खंबातच्या अकीक कारागिरांनी त्याची फार मोठी किंमत मोजली आहे, त्यामुळे या बाबतीत तडजोड नको. कोरडं कधीच घासू नका, किमान एन९५ लावा. अंगावर, टेबलावर उडालेला चिखल वाळला की त्याचीच धूळ होते, म्हणून काम संपताच ओल्या फडक्याने पुसा. झाडू नका. भांड्यातला गाळ बेसिनमध्ये ओतला तर पाइप तुंबतो. तो खाली बसू द्या आणि ओलाच पिशवीत बांधून टाका.

गारगोटी

शेवटचं: पाठ किती घासायची? रंगाची पट्टी अगदी पातळ आहे.

पैलूकार

पट्टीच्या मागचं पॉच काढू नका, तेच तिला आधार देतं आणि गडद असेल तर रंग उठून दिसतो. माथा कमी उंचीचा ठेवा. उंच घुमट केला तर पातळ पट्टी मधोमध घासली जाईल आणि रंग कडेलाच उरेल. पाठीच्या कडेला सगळीकडून जेमतेम अर्धा मिमीची तिरकी धार मारा. धारदार कड बसवताना कोंदणात फुटते. पट्टी १ मिमीपेक्षा पातळ आणि मागे काहीच नसेल तर काळ्या पाठीवर इपॉक्सीने चिकटवून डब्लेट करा. पण कुणाला दिलात तर डब्लेट आहे हे सांगून द्या आणि पाण्यात भिजवू नका म्हणावं, कारण सांध्यात पाणी शिरलं की कड धुरकट होते.