मदत हवी आहे: सिम्स ४ मध्ये बकुळचे विद्यापीठातले ग्रेड कसे सुधारू? (चीट कोड नकोत)

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. आमच्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. मे संपला की त्या रिकाम्या होतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, त्यामुळे पावसाळ्यात संध्याकाळचा वेळ माझा असतो. पुतणीने हिशेबाच्या लॅपटॉपवर सिम्स ४ घालून दिला. यात 'सिम' म्हणजे गेममधली माणसं, त्यांचं रोजचं आयुष्य आपण चालवायचं. मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, तो मी आधी बरेच दिवस खेळले. मग तिने मला 'डिस्कव्हर युनिव्हर्सिटी' हे २०१९ चं पॅक (मूळ गेमला विद्यापीठाची जोड देणारा भाग) भेट दिलं. ती स्वतः शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते, म्हणून मीही माझ्या सिमला जीवशास्त्राला घातलं. सिमचं नाव बकुळ. गेममधल्या फॉक्सबरी इन्स्टिट्यूट या विद्यापीठात प्रवेश मिळाला, हॉस्टेलवर राहते.

अडचण अशी. पदवीला १२ विषय लागतात आणि एका टर्मला जास्तीत जास्त ४ घेता येतात. मी चारही घेतले. बकुळ एकही तास चुकली नाही, गृहपाठ एकही बाकी ठेवला नाही, परीक्षा दिली, टर्म पेपर दिला, प्रेझेंटेशन दिलं. तरी निकालात दोन विषयांत सी, एकात बी मायनस आणि एकात बी. नापास नाही, पण इतकं सगळं करून सी का, ते मला कळत नाही.

तिचा दिवस सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. सकाळी उठली की नाश्ता, अंघोळ. मग दुपारपर्यंत तास. परत आली की भुकेली आणि वैतागलेली. थोडं खाऊन लगेच गृहपाठाला बसवते. चार विषयांचे गृहपाठ संपेपर्यंत मध्यरात्र उलटते. हॉस्टेलवर कोणीतरी स्टिरिओ लावलेला असतो, झोप मोडते. सकाळी पुन्हा तेच. टर्म पेपर लिहायला वेळ मिळाला तो शेवटच्या दोन दिवसांत. प्रेझेंटेशनचा बोर्डही तेव्हाच केला. तिचा मूड बहुतेक वेळ अनकम्फर्टेबल नाहीतर टेन्स.

गणपतीत पुतणी घरी येईल तेव्हा बकुळची पदवी तिला दाखवायची आहे, आणि चांगल्या ग्रेडची दाखवायची आहे. चीट कोडने, म्हणजे गेमला चकवणारा कोड टाकून, केलेली नको. अजून दोन टर्म हातात आहेत. कुठे लक्ष द्यावं?

प्रतिसाद (चिपळूण)

ताई, तास आणि गृहपाठ तुम्ही नीट सांभाळलेत. ग्रेड बहुधा टर्म पेपर आणि प्रेझेंटेशनमध्ये गेले. ही दोन्ही कामं नुसती पूर्ण केली की झाली असं नसतं, त्यांना दर्जा असतो. टर्म पेपर कॉम्प्युटरवर एकदा लिहून झाला की तो फक्त कच्चा मसुदा असतो. सबमिट करायचा पर्याय लगेच दिसायला लागतो आणि आपण तो दाबून मोकळे होतो. त्याआधी तोच पेपर पुन्हा उघडून एडिट करायचा. दर्जा वाढत वाढत एक्सलंटपर्यंत जातो, आणि तिथे पोचल्यावरच द्यायचा. प्रेझेंटेशनच्या बोर्डाचंही तसंच. तयार झाला म्हणून लगेच सादर करू नका, त्यावर आणखी काम करा.

यासाठी वेळ लागतो, म्हणून दोन्हींची सुरुवात टर्मच्या पहिल्याच दिवशी करा. टर्म ७ दिवसांची असते. पहिल्या दिवशी मसुदा, मग रोज थोडं एडिटिंग, आणि पाचव्या दिवसापर्यंत पेपर देऊन टाकायचा. शेवटचे दोन दिवस परीक्षेच्या अभ्यासाला मोकळे राहिले पाहिजेत. तुमच्या बकुळला तिन्ही गोष्टी त्याच दोन दिवसांत कराव्या लागल्या, आणि त्यातही ती दमलेली होती.

प्रतिसाद (कुडाळ)

बाय गो, चार विषय एकाच टर्मात कित्याक घेतलंस? त्या पोराक झोपाक तरी वेळ गावाक व्हयो. दोन घे, तीन घे. पदवी काय पळान जाणा नाय.

मूळ प्रश्नकर्ती

चिपळूणच्या भाऊंना मनापासून धन्यवाद. एडिटचा पर्याय मला दिसला होता, पण ग्रेडवर त्याचा इतका परिणाम होतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

कुडाळच्या ताई, चार विषय घेण्यामागे कारण होतं. नॉर्मल आयुष्यमानात सिमचं तरुणपण २४ दिवसांचं असतं. चार-चार विषय घेतले तर तीन टर्म, म्हणजे २१ दिवस. तीन-तीन घेतले तर २८ आणि दोन-दोन घेतले तर ४२. पदवी हातात येईपर्यंत तिचं तरुणपण संपून जावं असं मला वाटत नव्हतं. नोकरी, घर, बागेतली झाडं, सगळं तिच्यासाठी पुढे ठेवलं आहे.

प्रतिसाद (कुडाळ)

अगो, मग वय थांबव मा! गेम ऑप्शन्सात गेमप्लेमधी जा, थंय वय आपसूक वाढूचा सेटिंग असा, ता तुझ्या घरच्या सिमांपुरता बंद कर. पदवी झाली की परत चालू. ह्या चीट नाय, गेमातलाच सेटिंग असा. नायतर आयुष्यमान लॉन्ग कर. माझ्या सिमान दोन-दोन विषय घेऊन पदवी केल्यान, सगळ्यात ए. आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर पबातव गेला.

प्रतिसाद (अलिबाग)

मी चार विषय घेऊनही ए प्लस काढले आहेत, त्यामुळे विषय कमी करणं हा एकच मार्ग आहे असं मला वाटत नाही. खरा खेळ मूडचा आहे. ताईंनी लिहिलं आहे की बकुळ अनकम्फर्टेबल नाहीतर टेन्स असते. त्या मूडमध्ये गृहपाठ करवून घेऊ नका. गृहपाठाला फोकस्ड, म्हणजे एकाग्र, मूड लागतो. तो मूड असेल तर तेच काम लवकर उरकतं आणि रात्रीची झोप वाचते. झोप पुरेशी झाली की दुसऱ्या दिवशीचा मूड चांगला. इथून सगळं सुधारायला लागतं.

फोकस्ड करायचं कसं? बुद्धिबळाच्या पटावर एकटीने चाली विचारात घ्यायला बसवा, किंवा कॉम्प्युटरवर सिमपीडिया (गेममधला ज्ञानकोश) चाळायला लावा. थोड्या वेळात मूड येतो. पण भूक, झोप, स्वच्छता यांपैकी कशाची पट्टी लाल असेल तर त्याचा त्रास फोकस्डवर मात करतो आणि बुद्धिबळाचा वेळ फुकट जातो. म्हणून क्रम असा: तास सुटला की आधी जेवण, अंघोळ, लागली तर डुलकी. मग बुद्धिबळ. मग गृहपाठ. तुम्ही तिला खाल्ल्या खाल्ल्या थेट गृहपाठाला बसवता, तिथे घोळ होतो. वेळ वाचवल्यासारखं वाटतं, पण दमलेल्या सिमला तेच काम करायला जास्त वेळ लागतो.

एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात: आनंदी मूडचे मूडलेट (मूड घडवणारे छोटे छोटे परिणाम) चालू असलेल्या मूडला जोर देतात. खोलीत दोन चांगली चित्रं, एखादं बरं फर्निचर असलं की सजावटीचा आनंदी मूडलेट मिळतो आणि तो फोकस्डमध्ये मिळवला जातो. हॉस्टेलच्या उघड्याबोडक्या खोलीकडे मी पहिल्या दिवशीच लक्ष देतो.

आणि बकुळचे सॅटिस्फॅक्शन पॉइंट (सिमच्या इच्छा पूर्ण केल्यावर मिळणारे गुण) साठलेले असतील तर ५०० मध्ये मूडलेट सॉल्व्हर हे पेय मिळतं. एक बाटली परीक्षेच्या दिवसासाठी राखून ठेवा. भूक, झोप सगळं एका घोटात भरून निघतं. हे गेममध्येच कमावलेलं बक्षीस आहे, चीट नव्हे.

प्रतिसाद (पेण)

इतकी मेहनत कशाला? कोड टाका, दोन मिनिटांत पदवी.

मूळ प्रश्नकर्ती

सल्ल्याबद्दल आभार, पण तो मार्ग मला नको आहे. पुतणी रात्र रात्र जागून प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण करते, ते मी पाहिलं आहे. तिच्यासमोर कोडची पदवी ठेवायची माझी इच्छा नाही.

अलिबागकर, तुम्ही सांगितलेला क्रम काल रात्री एका वेगळ्या सेव्हमध्ये करून पाहिला. बुद्धिबळाचा पट खोलीतच ठेवला. चारही गृहपाठ झाल्यावरही बकुळला पूर्ण झोप मिळाली आणि सकाळी ती हसत उठली. मला फार बरं वाटलं.

प्रतिसाद (दापोली)

दोन गोष्टींची भर घालते.

पहिली: रिसर्च अँड डिबेट हे कौशल्य. ते याच पॅकमध्ये आलं आहे आणि विद्यापीठाच्या सगळ्या कामांना उपयोगी पडतं. विषय कुठलाही असो, हे एक कौशल्य वाढवलं तर गृहपाठ, पेपर, प्रेझेंटेशन तिन्हींना हात मिळतो. कॅम्पसवरच्या ग्रंथालयात रिसर्च अर्काइव्हचं यंत्र असतं, त्यावर वाढतं. वादविवादाच्या पोडियमवरही वाढतं. आणि टर्म संपली की लगेच पुढच्या टर्मला नाव घालायची सक्ती नाही. मध्ये थोडे दिवस मोकळे ठेवा, बकुळला घरी आणा, कौशल्य वाढवा, थोडी मजा करू द्या, मग प्रवेश घ्या. वय थांबवलं असेल तर या दिवसांचं काही नुकसान नाही.

दुसरी गोष्ट गेमच्या बाहेरची, पण आपल्याकडे पावसात तीच सगळ्यात मोठी. हा गेम स्वतःहून सेव्ह होत नाही. साध्या वेगात गेममधलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजे बकुळचा एक दिवस आपल्या २४ मिनिटांत होतो आणि सगळी टर्म पावणेतीन तासांच्या आसपास. एवढ्या वेळात आमच्याकडे लाईट एकदा तरी जातेच. लॅपटॉपची बॅटरी जुनी असेल तर एक्सलंट झालेला पेपरही गेला. बकुळ झोपली की सेव्ह करायचं, ही सवय लावून घ्या. आणि दर टर्मच्या पहिल्या दिवशी 'सेव्ह अ‍ॅज' करून वेगळी प्रत ठेवा. रेंज नसेल तर काळजी नको, एकदा इंटरनेटवरून गेम चालू करून घेतला की नंतर ऑफलाइन खेळता येतो.

मूळ प्रश्नकर्ती

दापोलीच्या ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. इथे परवा संध्याकाळी लाईट गेली ती सकाळी आली. सेव्हची सवय आजपासून.

आता ठरवलं आहे ते सांगते. वय बंद केलं. पुढच्या टर्मला तीन विषय घेणार, त्यानंतर तीन आणि शेवटी उरलेले दोन. घाई नाही. दोन टर्मच्या मध्ये तिला घरी आणून रिसर्च अँड डिबेट वाढवणार. टर्म पेपरचा मसुदा पहिल्या दिवशी.

एकच प्रश्न राहिला. गेममध्ये घरी राहूनही शिकता येतं. हॉस्टेलवरचा स्टिरिओ टाळायला मी तिला घरूनच कॉलेजला पाठवू का? की तास चुकतील?

प्रतिसाद (चिपळूण)

घरून शिकता येतं, तासाला जाता येतं. दोन्ही करून पाहिल्यावर मी म्हणेन, घरीच ठेवा. घरात कॉम्प्युटर, बुद्धिबळ, चांगला पलंग, स्वयंपाकघर सगळं तिच्या एकटीचं. आवाज नाही, भांडी कोणी टाकून ठेवत नाही. हॉस्टेलचा फायदा एवढाच की कॅम्पस पायाखाली असतो: ग्रंथालय जवळ, प्राध्यापक येता-जाता भेटतात, रूममेटशी मैत्री होते. ती मजाही विद्यापीठाचाच भाग आहे, पण तुम्हाला ग्रेड हवे आहेत.

फक्त एक सांभाळा. घरी असताना तासाची वेळ झाली आणि ती भलत्याच कामात गुंतलेली असेल तर उशीर होतो. तासाच्या एक तास आधी तिच्या रांगेतली सगळी कामं काढून टाका आणि तिला मोकळी ठेवा. विषय कोणत्या दिवशी किती वाजता ते खालच्या पॅनेलमध्ये दिसतं, टर्मच्या सुरुवातीला कागदावर उतरवून घ्या. मी अजून वहीतच लिहितो.

मूळ प्रश्नकर्ती

घरीच ठेवते मग. वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावलं आहे. पहिला तास सोमवारी सकाळी. टर्मचा निकाल लागला की इथे कळवीन.