ग्रुप राइडमध्ये ओरडणं: शिस्त की नुसता राग?

पहाटपायडल:
गेल्या रविवारी आम्ही चौदा जण सायकलवर बोपदेव घाट चढून सासवडला गेलो. नाश्ता करून दिवे घाटाकडे परत निघालो, तेव्हा सपाटीला ओळ ताशी ३०च्या आसपास होती. तिसऱ्या नंबरला ग्रुपमध्ये दुसऱ्यांदाच आलेला एक मुलगा होता. रस्त्यात रंबलर आले, तो दचकला आणि हात न दाखवता त्याने करकचून ब्रेक मारला. मागचे काका थोडक्यात वाचले. त्यांनी ओळ थांबवली आणि सगळ्यांसमोर त्याला झाप झाप झापलं. "सायकल विकून टाक, घरी बस." पोरगा मान खाली घालून ऐकत राहिला. पुढे हडपसरपर्यंत तो एकटाच मागून आला आणि संध्याकाळी ग्रुप सोडला.

माझं म्हणणं सरळ आहे, काकांनी त्याची माफी मागायला हवी. त्या दिवशी लीडला, म्हणजे ओळीत सगळ्यात पुढे, मी होतो आणि गप्प बसलो. ते आठवडाभर डाचतंय.

कात्रज_ते_वाई:
पूर्ण असहमत. ३०च्या वेगाला सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर जातं आणि दोन चाकांमध्ये असतं जेमतेम अर्धा मीटर. पुढच्याने जोरात ब्रेक दाबला आणि आपला हात अर्ध्या सेकंदाने मागे राहिला, की ते अर्धं मीटर संपलंच. चाकाला चाक घासलं तर पडतो तो मागचा, कारण त्याचं पुढचं चाक, म्हणजे त्याचं हँडलच अडकतं. ज्याने ब्रेक मारला त्याला बहुतेक वेळा ओरखडासुद्धा येत नाही.

खेड शिवापूरच्या अलीकडे मी असाच पडलो. कॉलरबोनमध्ये प्लेट, तीन महिने सायकल बंद. ज्याच्यामुळे पडलो त्याला तोवर कुणीच कधी बोललं नव्हतं, "नवीन आहे, शिकेल" म्हणत सगळे सांभाळून घेत होते. कुणीतरी आधी झापलं असतं तर माझं हाड वाचलं असतं. काकांनी माफी मागायची गरज नाही.

उतारावरची:
दादा, तुमच्या दुखण्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण "खड्डा!", "स्लो!", "गाडी मागे!" हे घसा फुटेस्तोवर ओरडा, ते जीव वाचवतं. धोका टळल्यावर पाच मिनिटं जे चालतं त्याने कुणाचं हाड वाचतं? ज्याला चारचौघांत झापलंय त्याचे खांदे पुढचे वीस किलोमीटर ताठलेले असतात, हात सतत ब्रेकवर असतो. तो आधीपेक्षा धोकादायक चालवतो. मी स्वतः तशी चालवलीय, म्हणून सांगते.

आणि पहाटपायडल, एक विचारू? रंबलर सगळ्यात आधी कुणाला दिसले? लीडला. तुम्ही आवाज दिला होता का?

पहाटपायडल:
हात खाली करून दाखवला होता. आवाज नव्हता दिला. दुसऱ्या नंबरच्याने ती खूण मागे पोचवली की नाही, मला माहीत नाही.

उतारावरची:
मग माफीची सुरुवात तुमच्यापासून व्हायला हवी.

ब्रेव्हेवाला:
मूळ चूक त्याआधीची आहे. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला ३०च्या ओळीत तिसरा ठेवलाच कशाला? ड्राफ्टिंगने, म्हणजे पुढच्याच्या आडोशाला चिकटून चालवल्याने, मागच्याचे कष्ट बरेच कमी होतात हे खरं, पण ते चाक धरायला शिकावं लागतं. नवख्याला शेवटी, अनुभवी स्वीपच्या (सगळ्यात मागे राहून सांभाळणाऱ्याच्या) पुढे ठेवा. तो सायकलभर अंतर सोडून चालेना का!

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी १५ची सरासरी पुरते. तिथे कुणी कुणावर डाफरत नाही, कारण कुणाला कुणाच्या पुढे जायचं नसतं. रविवारच्या राइडला मात्र स्ट्राव्हा अ‍ॅपवरचा सरासरी वेगाचा आकडा घसरला की डोकं फिरतं. काकांचा अर्धा राग भीतीचा असेल, अर्धा सरासरीचा असावा असं मला वाटतं.

कात्रज_ते_वाई:
सरासरीचा राग कुणावर लादू नका. काकांना तुम्ही ओळखतही नाही.

सासवडकर:
मी सायकलवाला नाही. याच रस्त्याने रोज मोटारसायकलवर कामाला जातो. तुमच्यातले काही ग्रुप तीन-तीन जण समांतर गप्पा मारत चालतात, हॉर्न दिला तर हातवारे आणि शिव्या. रस्ता आमचाही आहे. आपसातल्या तापटपणाबद्दल बोलताय तर हेही बोला.

दुसरं, याच दिवे घाटातून दरवर्षी माउलींची पालखी चढून आमच्या गावी मुक्कामाला येते. त्या गर्दीत धक्का लागला तरी तोंडातून "माउली" निघतं. म्हणून तक्रारी नसतात असं नाही. रात्री मुक्कामाच्या समाज आरतीला चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावतो, सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग तिचं ऐकून घेतात आणि तिथेच निकाल लावतात. तुमच्या ग्रुपमध्ये त्या पोराचं कुणी ऐकून घेतलं का?

पहाटपायडल:
समांतर चालण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. आम्हीही करतो. बंद करायला हवं.

काल त्या मुलाला फोन केला. आवाज दिला नाही ही माझी चूक, हे आधी सांगितलं. तो म्हणाला, "दादा, पुढच्याची पाठ सोडून मला काहीच दिसत नव्हतं. हात कुणी दाखवलाच नाही." हे त्याला विचारायला आम्हाला सहा दिवस लागले. येत्या रविवारी २२च्या वेगाची वेगळी ओळ काढतोय, मी स्वीपला थांबेन. तो येईन म्हणालाय. काकांशीही बोललो. ते म्हणाले, माफी मागणार नाही, पण त्याला ब्रेक कसा मारायचा ते शिकवेन.

कात्रज_ते_वाई:
मला काकांचं पटतं.

उतारावरची:
मला नाही पटत. शिकवायच्या आधी दोन शब्द बोलायलाच हवेत.