लिव्हर ॲक्शन: बाजूच्या गेटातून भरावी की पुढच्या नळीतून?

कुळागरवाला (सत्तरी)

आमच्या घरात दोन लिव्हर ॲक्शन रायफली आहेत, म्हणजे चापाभोवतीचं कडं (लिव्हर) खाली-वर केलं की पुढचं काडतूस चढतं अशा, दोन्ही वारशाने आलेल्या आणि परवान्यावर चढवलेल्या. एक काकांची विंचेस्टर ९४, .३०-३० ची. तिच्या उजव्या अंगाला स्प्रिंगचं झाकण आहे, त्यालाच गेट म्हणतात. त्यातून एकेक काडतूस अंगठ्याने आत ढकलायचं. दुसरी .२२ ची. तिच्या नळीखालच्या मॅगझिनमधून (काडतुसं साठवायच्या नळीतून) पितळेची आतली नळी ओढून काढायची, काडतुसं आत सोडायची, नळी परत बसवायची.

निवडणूक लागली की दोन्ही पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मागच्या खेपेला आदल्या संध्याकाळी त्या रिकाम्या करायला बसलो. .२२ ची पितळी नळी अर्धी ओढली, बंदूक कलती केली, सगळी काडतुसं ओंजळीत आली. विंचेस्टर पुतण्याकडे दिली होती. तिच्यात सहा काडतुसं. ती बाहेर काढायची तर लिव्हर मारून प्रत्येक काडतूस आधी चेंबरमध्ये, म्हणजे बार होतो त्या खोबणीत, घालायचं आणि मग बाहेर फेकायचं. दर वेळी घोडा (काडतुसावर आघात करणारी मागची हातोडी) चढलेला. चौथ्या वेळी पाहिलं तर पोराचं बोट लिव्हरच्या कड्यातून सरकून चापावर आलेलं. मी त्याचा हात धरला. त्या रात्री मला झोप आली नाही.

भरायला कोणती सोपी यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी म्हणतो, बंदूक रिकामी कशी होते ते आधी बघा. त्या कसोटीवर नळीची पद्धत उजवी.

डिचोलीकर

भाऊ, साफ असहमत. आधी एक विचारतो, घरात बंदूक भरलेली का होती? पोफळीत डुकरं उतरतात हे मलाही माहीत आहे, पण काडतुसं कपाटात आणि बंदूक रिकामी, याला अपवाद नाही. तेवढं पाळलं असतं तर हा प्रसंगच आला नसता.

आता मुद्द्याचं. पुढून भरायची पद्धत जगाने करून पाहिली आणि सोडली. १८६० च्या हेन्री रायफलीत बाजूचं गेट नव्हतं. मॅगझिनला खालून लांबलचक फट, तिच्यातून दट्ट्याचा खुंट बाहेर आलेला. तो स्प्रिंगसकट वर ढकलायचा, नळीचं पुढचं टोक बाजूला फिरवायचं आणि सोळा काडतुसं वरून सोडायची. फटीतून धूळ, चिखल आत जायचा. डावा हात त्या खुंटाच्या वाटेत येई, म्हणून नेम धरून असताना हात उचलून पुढे-मागे करावा लागे. १८६६ च्या विंचेस्टरमध्ये नेल्सन किंगच्या रचनेचं गेट आलं. मॅगझिन बंद झालं आणि हात धरायला लाकूडही मिळालं. १८७३, १८९२, १८९४, तिन्ही मॉडेलांत गेट टिकून राहिलं.

आणि पुढून भरताना तुमचा हात कुठे असतो? नळीच्या तोंडाशी. चेंबरमध्ये एक राहिलं असेल तर?

साखळीचा, सध्या अल्बर्टात

मी गेली काही वर्षं मार्लिन ३३६ वापरतोय, गेटवाली. दोन गोळ्या झाडल्या की चालता चालता दोन आत ढकलायच्या. बंदूक खांद्यावरून उतरवायलाही नको आणि चेंबरमधलं काडतूस तसंच राहतं. नळीवाली भरायला घेतली की तेवढा वेळ ती निकामी. इथे कॅनडात अस्वलाच्या रानात हा फरक मोठा आहे.

पण एक कबूल करतो. उणे वीसमध्ये हातमोजे घालून गेट भरता येत नाही आणि मोजे काढले तर बोटांना जाणीव राहत नाही. गेटच्या कडाही धारदार असतात. पहिल्या वर्षी अंगठ्याच्या नखाखाली कापलं होतं. मग एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने युक्ती दाखवली. काडतूस पूर्ण आत ढकलायचं नाही, बुडाचा थोडा भाग गेटाबाहेर ठेवायचा, म्हणजे झाकण अंगठ्यावर मिटत नाही. पुढचं काडतूस त्याला आत लोटतं. अंगठा फक्त शेवटच्या काडतुसाला आत जातो.

पेडण्याची लेक

दोन्ही बाजू एकाच नळीच्या मॅगझिनवर भांडताहेत. काडतुसं एकामागे एक झोपवायची, पुढच्याच्या बुडाशी मागच्याचं टोक, हीच मुळातली अडचण आहे. सेंटरफायर काडतुसाची बार पेटवणारी टोपी बुडाच्या मधोमध असते. टोकदार गोळी तिच्यावर टेकली आणि धक्का बसला तर मॅगझिनमध्येच बार होऊ शकतो. म्हणून .३०-३० ला चपट्या टोकाची गोळी घालतात, आणि चपटी गोळी लांबवर वेग राखत नाही. हॉर्नडी या काडतूस कंपनीने पुढे मऊ लवचीक टोकाची गोळी काढली, तीही याच अडचणीवर.

१८९५ च्या विंचेस्टरमध्ये जॉन ब्राउनिंग या रचनाकाराने मॅगझिनची नळीच काढून टाकली. खाली पेटी, वरून पाच काडतुसं भरायची. पहिल्या महायुद्धात रशियाने यातल्या जवळजवळ तीन लाख घेतल्या, पट्टीतून पाचही एकदम आत सरकवायच्या सोयीसकट. सॅव्हेज ९९ मध्ये फिरतं मॅगझिन आहे, आणि किती काडतुसं उरली ते डाव्या बाजूच्या छोट्या खिडकीत आकड्याने दिसतं. ब्राउनिंग बीएलआरची तर पेटीच सुटी होते. कुळागरवालेदादा, तुमच्या कसोटीवर बीएलआरच पहिली येते. पेटी काढली, खिशात घातली, उरलं फक्त चेंबर.

कुळागरवाला (सत्तरी)

ताई, बरोबर आहे, पण आपल्या हाती येतात त्या वारशाच्या बंदुका. दुकानात जाऊन निवडायची सोय नाही. आहे तिच्याशीच जमवून घ्यायचं.

डिचोलीकर, भरलेली का होती, याला माझ्याकडे उत्तर नाही. चूक होती. आता काडतुसं वेगळ्या कुलपात आहेत.

पण आपल्या पावसाचं काय? जून ते सप्टेंबर लोखंडाला चोवीस तास घाम. .२२ ची पितळी नळी काढली की बाहेरच्या नळीत तेलाचा बोळा आरपार फिरतो. विंचेस्टरच्या मॅगझिनला टोकाचा स्क्रू काढा, स्प्रिंग उडू न देता ओढा, मग साफ करा. दोन पावसाळे कंटाळा केला आणि स्प्रिंगवर तांबेरा चढलेला पाहिला.

डिचोलीकर

तांबेऱ्याचं मान्य. आमच्याकडेही तेच.

पण तुमच्या मुख्य मुद्द्यात भोक आहे, ते बोलतो. .२२ ची नळी ओतून ओंजळ भरली म्हणजे बंदूक रिकामी झाली का? एक चेंबरमध्ये असू शकतं, एक उचलणीच्या पट्टीवर, म्हणजे मॅगझिनमधून काडतूस चेंबरसमोर आणणाऱ्या भागावर. ओंजळीत काडतुसं दिसली की माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच घात होतो. गेटवालीत लिव्हर मारत राहावंच लागतं, शेवटी काही येईनासं होईपर्यंत. चेंबर डोळ्यांसमोर उघडल्याशिवाय काम संपतच नाही. तुम्हाला जी खोड वाटते, तीच मला तिची शिस्त वाटते.

पुतण्याचं बोट चापावर गेलं, तो दोष गेटचा नाही, शिकवणीचा आहे. डमी काडतुसं आणा. नळीचं तोंड पायरीजवळच्या मातीकडे, तीन बोटं कड्यात, पहिलं बोट बाहेर दस्त्याला चिकटून. शंभर वेळा लिव्हर मारू दे.

साखळीचा, सध्या अल्बर्टात

हेन्री नावाची आजची कंपनी २०१९ पासून काही मॉडेलांना गेटही देते आणि आतली नळीही ठेवते. भरा बाजूने, ओता पुढून. माझ्या शेजाऱ्याकडे आहे. एक मात्र सांगतो, तो पुढूनही भरतो तेव्हा बंदूक कलती धरतो, उभी नाही. उभ्या नळीत जड काडतुसं एकमेकांवर आपटतात.

कुळागरवाला (सत्तरी)

डिचोलीकर, पट्टीवरच्या काडतुसाचं मी विसरलो होतो. त्या संध्याकाळी .२२ ची लिव्हर मी मारलीच नव्हती, हे आता लिहिताना आठवतंय. ओंजळ बघून बाजूला ठेवली होती. यापुढे नळी ओतली की तीनदा लिव्हर आणि चेंबर उजेडात डोळ्यांनी बघायचं.

डमी काडतुसं मागवतो. पण सहा जिवंत काडतुसं चढलेल्या घोड्याखालून एकेक करून जाण्यापेक्षा एकच गेलेलं बरं, हे माझं मत बदललेलं नाही. पुतण्या रविवारी येतोय. आधी .२२ देईन त्याच्या हातात, विंचेस्टर नंतर.