बाथरूमचा एक्झॉस्ट दिव्याच्या बोर्डावरून घेतला, आता फॅनचं बटण दाबलं की दिवा लागतो

डोंबिवलीकर७२:
नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग ९२ सालची, बाथरूमला झडपांची खिडकी आहे पण पावसाळ्यात भिंतीला काळी बुरशी धरतेच, म्हणून वरच्या दोन काचा काढून सहा इंची एक्झॉस्ट बसवला, ३५ वॅटचा. बोर्ड बाहेर दाराशेजारी आहे, त्यात दिव्याचं एक बटण आणि एक रिकामं, म्हटलं सोपं काम आहे. उघडला तर आत दोनच वायरी, एक लाल एक पिवळी. फॅनची एक वायर रिकाम्या बटणातून लालला दिली, दुसरी पिवळीला. आता दिवा बंद असताना फॅनचं बटण दाबलं की दिवाच लागतो, जरासा मंद, आणि फॅन ढिम्म. दिवा लावला तरी फॅन ढिम्मच. बायको म्हणते भुताटकी आहे. फॅन खराब आहे का? दुकानदार परत घ्यायला तयार नाही.

घरचाकारागीर:
फॅन चांगला असणार, बोर्डात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, नाहीये तुमच्या. गिझरचा प्लग शेजारीच असेल ना, त्यातला न्यूट्रल घ्या, पाच मिनिटांचं काम. आमच्याकडे ४ वर्षं चालू आहे.

जुना_वायरमन:
डोंबिवलीकर, हे अजिबात करू नका.
आधी भुताटकी सांगतो. लाल म्हणजे फेज, करंट आणणारी वायर, पिवळी म्हणजे बटणातून वर दिव्याकडे जाणारी वायर, न्यूट्रल थेट वर दिव्याच्या पॉइंटलाच उतरवलाय, वायर वाचवायला तेव्हा सर्रास असं करायचे. म्हणजे तुमचा फॅन दिव्याच्या बटणाला समांतर आणि दिव्याशी सीरिजमध्ये लागलाय. बटण बंद असलं की करंट फॅनमधून जाऊन दिव्याला पोचतो, ९ वॅटच्या एलईडीला असा कितीसा लागतो, तेवढा वाइंडिंगमधून सहज जातो पण तेवढ्यावर फॅन काही फिरत नाही. बटण चालू केलं की फॅनच्या दोन्ही टोकांना फेजच, मग तो फिरणार कशावर.
आता गिझरचा न्यूट्रल. गिझरला वेगळा आरसीसीबी (जाणारा आणि परतीचा करंट सारखा नसला की आपोआप बंद होणारा स्विच) असेल तर फॅन लावला की तो पडणार, कारण फेज एका सर्किटचा आणि परतीचा करंट दुसऱ्यातून. आरसीसीबी नसेल तर आणखी वाईट, पुढे कोणीतरी लाइटचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) चालू ठेवून फक्त गिझरचा मेन पाडून न्यूट्रल सोडवायला जाईल आणि हातात त्या मोकळ्या टोकावर फॅनमधून आलेला २३० व्होल्ट.

डोंबिवलीकर७२:
बापरे. बरं झालं विचारलं. बोर्डात एक हिरवी वायर पण आहे हो, गुंडाळून ठेवलेली, ती न्यूट्रल म्हणून चालेल का? फॅन फिरेल ना?

जुना_वायरमन:
फिरेल, तीच तर भीती आहे. अर्थिंग कुठे तुटलं तर त्याला जोडलेल्या गिझरच्या टाकीवर, नळावर करंट येईल, ओल्या अंगाने कोण हात लावेल सांगता येत नाही. हिरवी हिरवीच ठेवा, फॅनची बॉडी धातूची असेल तर तिथे लावा.
बरोबर रस्ता एकच, दिव्याच्या पॉइंटपासून बोर्डापर्यंत त्याच पाइपातून काळी १ एमएमची वायर स्प्रिंग टाकून ओढून घ्या. पाइप चोंदला असेल तर बाहेरून केसिंग पट्टी, दिसायला बरी नाही पण धोका नाही. लोडची चिंता नको, फॅन आणि दिवा मिळून ४४ वॅट, ६ अँपिअरच्या एमसीबीला ते जाणवणारही नाही. परवानावाला वायरमन बोलवा, आणि आधी मेन पाडा, नुसता टेस्टर पेटत नाही म्हणून हात घालू नका.

कोथरूडची_मावशी:
माझा अनुभव, दाराखाली फट नसेल तर फॅन नुसता गरगरतो, वाफ जागच्या जागी. आम्ही सुताराकडून दार अर्धा इंच कापून घेतलं तेव्हा आरसा पुसायचं बंद झालं. आणि आंघोळ झाल्यावर दहा मिनिटं तरी चालू ठेवा. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर मात्र एक्झॉस्ट लावला म्हणून निर्धास्त राहू नका हो, तो गिझर बाहेरच हवा.

डोंबिवलीकर७२:
गिझर इलेक्ट्रिकचाच आहे मावशी. काल वायरमन येऊन गेला, पाइप अर्ध्यात चोंदलेला निघाला त्यामुळे माळ्याखालून पट्टी मारली. दोन्ही बटणं वेगवेगळी चालतात आता. खिडकीला बाहेरून जाळी लावायची राहिली आहे, आज सकाळी एक पारवा काड्या घेऊन फॅनवर बसलेला दिसला.