ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून घरचं होम असिस्टंट उघडत नाही, मदत हवी आहे

मंडळी, गाडं अडलंय. होम असिस्टंट म्हणजे घरातली उपकरणं ब्राउझरमधून किंवा फोनवरून बघायचं-चालवायचं सॉफ्टवेअर.

घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. आमच्या फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, खाली लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे 'फोनवरून बघ की' हा सल्ला कृपया देऊ नका. टेबलावरच्या कॉम्प्युटरला अ‍ॅडमिन हक्क नाहीत, यूएसबी बंद. उरतो फक्त ब्राउझर.

घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट आहे. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारा जेएसएन-एसआर०४टी सेन्सर, खाली हौदावर १ एचपीची मोटार. नळाला पाणी साडेअकरानंतर कधीतरी येतं, हौद भरला की मोटार लावायची. आईचे गुडघे दुखतात आणि बटण जिन्याखाली. मार्चपर्यंत मी घरूनच काम करायचो, तेव्हा हा प्रश्न नव्हता.

मोटार आपोआप चालू-बंद करून पाहिली होती. टाकी भरत आली की सेन्सर काहीच्या बाही आकडे देतो. एकदा मोटार बंदच झाली नाही आणि शेजारच्या काकूंनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया वाहून गेल्या. काकू अजून नीट बोलत नाहीत. तेव्हापासून आकडा स्वतः बघूनच मोटार लावतो.

राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट (इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते). त्यामुळे राउटरवर बाहेरून आत यायची वाट उघडायचा (पोर्ट फॉरवर्डिंग) उपयोग शून्य. घरच्या नेटवर्कला दुरून जोडणारं टेलस्केल अ‍ॅप फोनवर झकास चालतं, पण ऑफिसात इन्स्टॉल कुठे करणार? म्हणून छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्याने घेतला, रास्पबेरी पायपासून तिथवर वायरगार्ड (सुरक्षित व्हीपीएन जोडणी), पुढे कॅडी हा वेब सर्व्हर, स्वतःचं डोमेन, नेहमीच्या एचटीटीपीएसचं पोर्ट ४४३. पहिले काही आठवडे ऑफिसात 'नवीन नोंदणी झालेलं डोमेन' म्हणून अडवलं. आता पान उघडतं, पासवर्डही घेतं, आणि मग निळं चिन्ह दाखवून बसून राहतं: कनेक्ट होत नाही, ६० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न. घरच्या लॅपटॉपवरून तोच पत्ता नीट उघडतो. कॅडीत काही चुकतंय का?

डब्बा_सर्व्हर: कॅडी निर्दोष आहे. होम असिस्टंटचं पान वेबसॉकेटवर (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत चालू राहणारी जोडणी) चालतं आणि तुमच्या ऑफिसची प्रॉक्सी, म्हणजे सगळं इंटरनेट जिच्यातून जातं ती यंत्रणा, बहुधा तेच अडवतेय. एक काम करा. ऑफिसात ते पान उघडून पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर क्लिक करा आणि साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा.

मूळ धागाकर्ता: बघितलं. घरी लेट्स एन्क्रिप्ट (माझ्या साइटला सर्टिफिकेट देणारी संस्था) दिसतं, इथे चक्क कंपनीचं नाव!

डब्बा_सर्व्हर: मग प्रॉक्सी मध्येच एचटीटीपीएस उघडून तपासतेय. तुम्ही टाइप केलेला पासवर्ड तिथे उघडा झाला. आज घरी गेल्यावर आधी तो बदला.

गच्चीवरचा_अँटेना: क्लाउडफ्लेअर टनेल (घरचा सर्व्हर क्लाउडफ्लेअर कंपनीमार्फत बाहेर दाखवणारी सेवा) लावून बघा, सीजीनॅटचा त्रास नाही, व्हीपीएसचं भाडंही वाचेल.

डब्बा_सर्व्हर: अहो, पण प्रॉक्सी तीच ना! वेबसॉकेट तिथेही अडेल. आणि ज्या फ्लोअरवर मोबाइल नेऊ देत नाहीत तिथे आडवाटेने घरी बोगदा काढायचा? नोंदी त्यांच्याकडे राहतात, नोकरीशी खेळ होईल. पाहिजेच असेल तर आयटीवाल्यांना रीतसर विचारा.

नळवाले_भाऊ: माझ्या मते रोग टाकीत आहे आणि तुम्ही औषध ऑफिसात शोधताय. त्या सेन्सरला २०-२५ सेंमीच्या आतलं दिसत नाही. पाणी तेवढं वर आलं की वेडेवाकडे आकडे येणारच. सेन्सर झाकणाच्या वर पाइपचा तुकडा लावून उंच बसवा. त्याशिवाय टाकीत साधा फ्लोट स्विच (पाण्याबरोबर तरंगून चालू-बंद होणारं बटण) टाका आणि तो थेट कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटारीचा जड प्रवाह पेलणाऱ्या स्विचच्या, कॉइलच्या वायरीत घ्या. मग रास्पबेरी पाय बंद पडला, वायफाय गेलं तरी टाकी भरली की मोटार बंद होणार. दुसरा फ्लोट हौदात, पाणी नसताना मोटार कोरडी फिरू नये म्हणून. आणि रिले (रास्पबेरी पायने चालणारा छोटा स्विच) थेट मोटारीला जोडला असेल तर काढा, चालू अवस्थेतच चिकटतो. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

मूळ धागाकर्ता: रिले थेटच जोडलाय. 🙈 म्हणजे कुरडयांना तोही कारणीभूत असू शकतो. दोन फ्लोट आणि कॉन्टॅक्टर आणतो, रविवारी इलेक्ट्रिशियनला बोलावतो. ऑफिसातून उघडायचा नाद सोडला. पासवर्ड बदलला, पण ऑफिसच्या ब्राउझरमध्ये लॉगिन तसंच राहिलं असेल तर?

डब्बा_सर्व्हर: नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही. होम असिस्टंटमधल्या तुमच्या प्रोफाइलमध्ये सुरक्षा टॅबखाली रिफ्रेश टोकनची (लॉगिन चालू ठेवणाऱ्या खुणांची) यादी आहे. त्यातलं ऑफिसचं उडवा. ओळखू आलं नाही तर सगळीच उडवा, फोनवर परत लॉगिन करावं लागेल एवढंच.